टॉवर वॅगनमधलं कपाट

माझं माहेर अणदूरचं. गावात खंडोबा आहे, रेल्वे नाही. आगगाडीत मी पहिल्यांदा बसले ती रेल्वेच्याच भरतीच्या परीक्षेला जाताना, आणि परतीची गाडी चुकली म्हणून घरी आले एसटीनं. तरी नोकरी लागली. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला होता, त्यामुळं रुळांवरच्या विजेच्या तारा सांभाळणाऱ्या डेपोत माझी नेमणूक झाली. डेपो आपल्याच जिल्ह्यात मिळाला म्हणून आईनं खंडोबापुढं नारळ फोडला. मी तिकिटाच्या खिडकीत बसणार अशी तिची समजूत होती. ती समजूत मी बरेच दिवस तशीच राहू दिली.

डेपोत मोजकी माणसं. एक साहेब, म्हणजे आमचे इंजिनिअर, लांबच्या जिल्ह्यातून आलेले, कमी बोलणारे. एक मुकादम, त्यांना मी मामा म्हणायचे. तारेवर चढून काम करणारे चार-पाच जण. आणि टॉवर वॅगनचे ड्रायव्हर काका, सास्तूरचे, निवृत्तीला आलेले. तारेवरच्या कामात बाई मी एकटीच.

टॉवर वॅगन म्हणजे एकच सुटा डबा, पण स्वतःचं इंजिन असलेला. तो तारेखाली नेऊन उभा करायचा, छतावरचा फलाट वर उचलायचा आणि त्यावर उभं राहून तारेचं काम करायचं. पहिल्याच दिवशी मी काकांना विचारलं, विजेच्या लाइनीवर आपली गाडी डिझेलची कशी?

"तार बंद केल्याबिगर तारंला हात लावता येत न्हाय," काका म्हणाले. "आन् तार बंद केली की विजंची गाडी चालत न्हाय. हे मला लई लोकांना सांगावं लागतंय. सासऱ्याला बी सांगावं लागलं होतं, लग्नाच्या बोलणीत."

"मग पटलं का त्यांना?"

"पोरगी दिली की."

आमची गाडी दुसऱ्या एका डेपोनं वापरून झालेली होती. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन, आणि मधे आमच्यासाठी लांबट खोली. आमच्यासाठी असं म्हणायचं, पण खोलीच्या बरोबर मधोमध इंजिन बसलेलं होतं, छातीएवढ्या उंच लोखंडी पेटीखाली. एका बाजूला कामाचं टेबल. टेबलाच्या पुढं कंट्रोलचं कपाट, जमिनीपासून छतापर्यंत, घरातल्या गोदरेजच्या कपाटापेक्षाही खोल. मग दोर, पुल्या, शिड्या, चिनी मातीचे इन्सुलेटर, तारेची भेंडोळी. यातून जी जागा उरायची तिच्यात एक लांब बाक होता. बाकावर माणसं.

कंट्रोलच्या कपाटात रिले होते. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारी खटकी. अशा खटक्यांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींचे मनगटाएवढे जुडगे. गाडी सुरू करताना ते कपाट आतून खाडखाड वाजायचं, भांड्यांची मांडणी कुणी हलवावी तसं. काका कान देऊन ऐकायचे आणि समाधान झालं की गाडी हलवायचे. इंजिनाच्या पेटीवर आमच्या भाकरी गरम व्हायच्या. डिझेलचा वास यायचा, पण भाकरी गरम असायची.

गाडीत सगळं होतं. मुतारी नव्हती.

यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाडी बांधली तेव्हा तिच्यातून जाणारे सगळे पुरुष होते आणि बाहेर अख्खं रान होतं. गाड्या थांबवून, वीज बंद करून कामाला जो वेळ मिळतो त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक दोन-तीन तासांचा असला तरी त्याच्या आधी बाजूच्या रुळावर वाट बघत थांबायचं, आणि नंतर परत यायला वाट मिळेपर्यंत थांबायचं. म्हणजे दिवस जायचा. पुरुष माणसं खाली उतरून एखाद्या बाभळीमागं जाऊन यायची. मी पिकांवर अवलंबून होते.

सोयाबीन कितीही वाढलं तरी कमरेच्या खाली, त्याचा उपयोग नाही. दिवाळीच्या सुमाराला तूर माणसाच्या वर जाते. तुरीच्या दिवसांत मी पोटभर पाणी प्यायचे. त्यानंतर ज्वारी, तीही चांगली. ऊस वर्षभर असतो, पण उसात रानडुक्कर असतं, आणि त्याला माझी अडचण समजावून सांगण्याची सोय नव्हती. येडशीच्या बाजूला रामलिंगचं जंगल, तिथं आडोसा भरपूर. पण तिथली तार चांगली होती, ती बिघडायचीच नाही. ज्वारी काढली की पाऊस पडेपर्यंत सगळं रान उघडं. तेव्हा राहायच्या फक्त मोऱ्या, रुळाखालून ओढ्याचं पाणी जावं म्हणून बांधलेल्या. कोणत्या मोरीत वाकून शिरता येतं, कोणत्या मोरीत दुपारी मेंढरं बसतात, हे मला पाठ झालं होतं. बाकीच्यांना खांबांचे नंबर पाठ होते.

उन्हाळ्यात मी पाणी पिणंच सोडलं. सकाळी एक घोट, मग संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर. नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ताप आला, लघवीला आग व्हायला लागली. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी एक घोट."

"आणि मग?"

"मग ब्लॉक असतो."

ब्लॉक काय असतो ते त्यांना सांगितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "शेताबितात आडोसा नसतो का?"

"मे महिना आहे, मॅडम."

त्याही शेतकऱ्याच्याच घरातल्या असाव्यात. त्यांनी मान हलवली, आणि पुढचं काही विचारलं नाही. "पाणी प्यायलाच पाहिजे," एवढं मात्र दोनदा सांगितलं. कामावर मी नुसतं ताप होता असं सांगितलं. मामा म्हणाले, "ऊन लागलं आसंल. कांदा ठेवत जा खिशात." मी कांदा ठेवायला लागले.

त्याच वर्षी गाडीचं आधुनिकीकरण होणार असल्याची बातमी आली. वर्कशॉपचे लोक आले, त्यांनी कंट्रोलच्या कपाटाची दारं उघडली आणि आतलं सगळं काढायला सुरुवात केली. रिले निघाले, वायरींचे जुडगे निघाले, लोखंडी फळ्या निघाल्या. एक पाल निघाली, तीही बरीच जुनी असावी. या सगळ्याच्या बदली त्यांनी जे आणलं होतं ते शाळेच्या दप्तराएवढं होतं. ते ड्रायव्हरच्या टेबलाखाली बसलं, आणि काकांचे गुडघेसुद्धा त्याला लागत नव्हते.

काका बराच वेळ त्या डब्याकडं बघत राहिले. "येवढं समदं ह्याच्यात बसलं?"

"याच्यापेक्षा जास्त बसलंय," वर्कशॉपचा माणूस म्हणाला. "मोबाइलसारखं समजा, काका."

"मोबाइल दर दोन वर्सांनी बदलावा लागतोय. हे कपाट माझ्या थोरल्या पोरीएवढं हाय."

त्यांनी गाडी सुरू केली. काहीच वाजलं नाही. काका तरी कान देऊन थांबले होते. शेवटी वर्कशॉपचा माणूस म्हणाला, "झालीय सुरू." मग त्यांनी गाडी हलवली. काढलेल्या रिलेंमधले चांगले चांगले निवडून काकांनी पोत्यात भरले आणि लांब बाकाखालच्या कप्प्यांत ठेवले. उद्या डबा बिघडला तर लागतील म्हणाले. ते रिले त्या डब्याला जोडता येत नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, काकांनाही.

कपाट मात्र जागेवरच राहिलं, कारण त्याची मागची बाजू गाडीच्या भिंतीला वेल्ड केलेली होती. आत रिकामं. मी आत उभी राहून पाहिलं. डोकं छताला लागत नव्हतं. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी खाली बसूनही पाहिलं. गुडघे दाराला लागत नव्हते.

त्या आठवड्यात चहाच्या वेळी कपाटाचाच विषय असायचा. मामांना तिथं फळी टाकून पाठ टेकायची जागा हवी होती. आमच्यातला एक जण म्हणाला की इन्सुलेटर ठेवू, म्हणजे पायाला लागायचे नाहीत. दुसऱ्याला जेवणाचे डबे ठेवायचे होते. साहेब ऐकून घेत होते.

"ताई, तुमचं काय?" मामांनी विचारलं. "तुमी काय ठिवणार?"

"मुतारी," मी म्हणाले.

कुणाच्या तरी बशीत चहा होता, तो ओढण्याचा आवाज मधेच थांबला. साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर मालगाडी उभी होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"आपून जेवतो की तिथं," मामा शेवटी म्हणाले.

"मामा, कपाटाला दार हाय."

"दार हाय, पर..."

"मला गेल्या म्हैन्यात ऊन लागलं नव्हतं," मी म्हणाले, आणि काय झालं होतं ते सांगितलं. सांगताना कप खाली ठेवला, आवाज नीट राहिला. मोऱ्यांचंही सांगितलं. त्यातल्या एका मोरीत गेल्या उन्हाळ्यात नाग निघाला होता हे मामांना माहीत होतं, कारण त्यांनीच तो बघून मला सांगितलं होतं, तिकडं जाऊ नका म्हणून. मी तिकडं का जाईन, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला नव्हता. तो आता आलेला दिसला.

काकांनी कप धुतला आणि म्हणाले, "माप घ्या मग."

साहेब म्हणाले, "वर विचारतो."

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. "विचारलं. ती जागा भविष्यातल्या उपकरणांसाठी राखीव आहे."

"भविष्यातली उपकरणं कधी येणार, सर?"

"ते सांगितलं नाही." साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट थोडा सरकवला. "गाडीला भोक पाडायचं नाही. वेल्डिंग करायचं नाही. पाण्याची लाइन ओढायची नाही." मग तो परत जागेवर ठेवून म्हणाले, "सुट्या वस्तू ठेवायला मनाई नाही."

साहेबांकडून एवढं लांबलचक बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी कमोडची खुर्ची मिळते. खाली काढता-घालता येणारं भांडं, वर घट्ट झाकण. मी आणि काका धाराशिवच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी? आजोबा का आजी?"

"रेल्वेसाठी," काका म्हणाले.

त्यानं एकदा काकांकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि खुर्ची बांधून दिली. काकांच्या मोटरसायकलला ती मागं बांधून आम्ही निघालो, मी कशीबशी मधे. सिग्नलला ओळखीचे एक जण भेटले. त्यांनी काळजीनं विचारलं, घरात कोण पडलंय? काका म्हणाले, "कोण न्हाय. कपाटात ठिवायचीय." सिग्नल सुटेपर्यंत ते गृहस्थ आमच्याकडं बघत होते.

कपाटाला कडी होती, पण बाहेरून. रिलेच्या कपाटात शिरून आतून कडी लावायची वेळ आजवर कुणावर आलेली नव्हती. काकांनी जुन्या बोल्टच्या भोकांत आतून कडी बसवली, म्हणजे नवीन भोक पडलं नाही. दाराला हवा जायला आडव्या फटी होत्या, त्यांना आतून रबरी चटई लावली. गाडीनं ब्रेक मारला तर खुर्ची सरकेल, म्हणून ती चारी पायांनी बांधली. दोर आमच्याकडं भरपूर होता. मग चाचणी घेतली. खुर्चीवर वाळूचं पोतं ठेवलं, काकांनी गाडी यार्डात पळवली आणि जोरात ब्रेक मारला. पोतं बसलेलं राहिलं. साहेब कपाटाचं दार उघडून पोत्याकडं बघून म्हणाले, "चालेल."

दारावर कवटीचं चित्र असलेली धोक्याची पाटी होती. ती काढायची का असं मामांनी विचारलं. मी म्हणाले, राहू द्या.

पहिल्यांदा मी त्या कपाटात गेले तो दिवस आठवतो. दोन स्टेशनांच्या मधे गाडी उभी होती, चारी बाजूंना नांगरलेलं काळं रान, सावलीला कावळासुद्धा नव्हता. सकाळपासून मी मुद्दाम पाणी पीत होते. मी कडी लावली आणि बाहेरचं बोलणं एकदम बंद झालं. इतकं बंद झालं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. मी तशीच बसून राहिले. बाहेर सहा पुरुष काही न बोलता उभे आहेत आणि आपण कपाटात बसलोय, याला काय म्हणावं ते मला कळेना. तेवढ्यात काकांनी केबिनमधून इंजिनाची रेस वाढवली. सगळी गाडी थरथरली, आणि माझं काम झालं.

बाहेर आले तेव्हा सगळे पावसाविषयी बोलत होते. सगळे एकदमच बोलत होते. मी जाऊन माझ्या जागेवर बसले, बाटली काढली आणि सगळ्यांच्या समोर पाणी प्याले. मला रडू येईल असं वाटलं, पण ब्लॉक सुरू झाला, वर चढायचं होतं.

त्यानंतर मी आत गेले की काका रेस वाढवायचे. दोन-तीन महिन्यांनी वर्कशॉपचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. जुनं कपाट काही लक्षात ठेवत नव्हतं, नवा डबा सगळं लक्षात ठेवायचा. त्यानं विचारलं, "काका, उभ्या गाडीत इंजिनाची रेस अधूनमधून वाढते. काही बिघाड आहे का?"

"न्हाय. म्याच वाढवतो."

"का?"

"बरं असतंय," काका म्हणाले.

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "बरं असतं."

भांडं मी रोज डेपोत परत आल्यावर स्वतः धुवायचे. एके दिवशी मामा माझ्यामागं हौदापर्यंत आले आणि इकडंतिकडं बघत उभे राहिले. "ताई," ते म्हणाले, "मला साखर हाय."

"माहितीय, मामा. म्हणून तर चहा बिनसाखरेचा घेता."

"साखरंत सारखं जावं लागतंय. उतरायचं, चढायचं, गुडघं बोलत्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "ते कपाट फकस्त बायकांसाठीच हाय का?"

"न्हाय. पर जो जाईल त्यानं धुवायचं."

मामांनी विचार करायला वेळ घेतला नाही. दुसऱ्या दिवशी भांडं त्यांनीच धुतलं, फिनेलही घरून आणलं. जेवायच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढं एकेक करून सगळेच कपाटात जायला लागले, आणि धुण्याच्या पाळ्या लागल्या.

मग भविष्यातलं उपकरण आलं.

ते तारेचं माप घेणारं यंत्र होतं. छतावर कॅमेरे बसवायचे, गाडी चालता चालता तार कुठं झिजलीय, कुठं सरकलीय हे पडद्यावर दिसणार. ते बसवायला कंपनीकडून एक इंजिनिअर मुलगी आली, तिशीच्या आतली. मोटारीनं लांबून आली होती, उन्हात. तिनं नकाशा उलगडला, त्यात आमच्या कपाटाच्या जागी एक रिकामा चौकोन होता. ती थेट कपाटापाशी गेली. धोक्याची पाटी बघून तिनं विचारलं, "यात सप्लाय आहे का?"

"न्हाय," मी म्हणाले. तिनं दार उघडलं. आत खुर्ची, भिंतीला फिनेलची बाटली, बादली, खुंटीवर टॉवेल.

तिनं दार बंद केलं. मग ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, हे चालू आहे का?"

"चालू हाय. जा."

ती आत गेली. काका केबिनमध्ये होते, त्यांनी रेस वाढवली.

बाहेर आल्यावर तिनं तोंडावर पाणी मारलं, हात पुसले, आणि म्हणाली, "खूप बरं झालं. सकाळपासून कुठं थांबताच आलं नव्हतं. पण ताई, मला ही जागा लागणार आहे."

मला राग आला. तिला तसं दिसलंही असणार. ती माझ्याशेजारी बाकावर बसली आणि मला नकाशा दाखवायला लागली. यंत्राचा कॉम्प्युटर जेमतेम सुटकेसएवढा. पण त्याला उष्णता सोसत नाही, म्हणून त्याला एसी. एसीला वेगळ्या बॅटऱ्या. आणि सगळ्यांच्या भोवती हवा खेळायला मोकळी जागा ठेवायची, तिथं काही ठेवायचं नाही.

"म्हणजे यंत्र बारकं," मी म्हणाले, "आन् त्याला गार ठेवायचं यंत्र कपाटाएवढं."

"हो," ती म्हणाली. "सगळीकडं असंच आहे. आम्ही यंत्र लहान करतो, मग ते तापतं."

"ते सगळं एकाच जागी पाहिजे का?"

तिनं नकाशाकडं पाहिलं. "तसं नाही. उभं नसलं तरी चालेल. आडवं पसरलं तरी चालेल. पण आडवी जागा कुठं आहे?"

आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. दोघींनीही एकदमच खाली पाहिलं. बाकाखालच्या कप्प्यांची झाकणं उघडली तर एका कप्प्यात दोर, एकात मामांचं अंथरूण, आणि बाकी सगळ्या कप्प्यांत पोती. पोत्यांत काकांचे रिले.

काकांना सांगायला मी गेले. ते केबिनमध्ये खिडकीशी बसून पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली.

"डबा बिघडला तर?" ते म्हणाले.

पलीकडं बाकाखालचे कप्पे मापायचं काम चालू होतं, टेप ओढल्याचा आवाज येत होता.

"न्हाय बिघडत तो," काका स्वतःच म्हणाले. "दीड वर्स झालं, खोकला बी न्हाय त्याला." मग उठले. "कुणी हात लावू नका. म्याच काढतो."

त्यांनी एकेक पोतं स्वतः उचलून खाली उतरवलं आणि भंगाराच्या ढिगापाशी नेऊन ठेवलं. आम्ही नुसते बघत उभे. पोतं खाली ठेवताना आतले रिले खाडकन वाजायचे. शेवटचं पोतं ठेवून ते पँटला हात पुसत परत आले. मामा म्हणाले, "एखादा घरी न्यायचा होता, आठवण म्हणून."

"घरी काय करू?" काका म्हणाले. "टीव्हीवर ठिवू?" असं म्हणून ते केबिनमध्ये गेले. त्या दिवशी ते आमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसले.

साहेबांनी पुन्हा वर विचारलं. यंत्र बसतंय ना, मग कुठंही बसवा, असं उत्तर आलं. इंजिनिअर मुलीनं आठवडाभर काम केलं. बॅटऱ्या, एसी आणि कॉम्प्युटर बाकाखाली आडवे गेले, समोरच्या फळ्या काढून जाळ्या लावल्या, आणि पडदा कामाच्या टेबलावर बसला. जाताना तिनं खुर्चीचा फोटो काढून घेतला. महिन्याभरानं तिचा फोन आला. दुसऱ्या एका डेपोत तशीच जुनी गाडी होती आणि तिथं दोन मुली कामाला होत्या. दुकानाचं नाव विचारत होती. मी सांगितलं, आणि वाळूच्या पोत्यानं चाचणी घ्या असंही सांगितलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या बाकाखाली एसी चालू होता. वरून पत्रा तापून खोलीची भट्टी व्हायची, कपाळावरून घाम गळायचा, आणि पोटऱ्यांना गार वारा लागायचा. एसी कॉम्प्युटरसाठी होता, त्यामुळं तो कमी-जास्त करायला आम्हाला परवानगी नव्हती. मामांनी मे महिन्यात लोकरीचे पायमोजे घातले. तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी ते बघून विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "सायेब, आधुनिकीकरण झालंय."

पडद्यासमोर मला बसवलं, कारण माझं शिक्षण सगळ्यांत अलीकडचं होतं. येडशीहून धाराशिवकडं येताना पहिल्याच फेरीत लाल खूण आली. कुणाचा विश्वास बसेना, कारण ती तार आम्ही नुकतीच बघून आलो होतो. ब्लॉक घेऊन मी आणि मामा वर गेलो. तार धरून ठेवणारी एक क्लिप अर्धी झिजलेली होती, खालून दिसत नव्हती. आम्ही ती बदलली. मामा म्हणाले, "बरं झालं." खाली आल्यावर मी काकांना सांगितलं. काकांनी जाळीतून बाकाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बसू द्या त्याला तिथंच."

त्या वर्षाच्या शेवटी काका निवृत्त झाले. डेपोच्या खोलीत छोटा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, हार. त्यांच्या घरचे सास्तूरहून आले होते, सासरेही आले होते, काठी टेकत. साहेब दोन वाक्यं बोलले. मग काकांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं काही तरी निघेल.

"गाडी चांगली हाय," काका म्हणाले. "पावसात बिरेक जरा उशिरा लागतोय. नव्या माणसानं ध्यान ठिवावं."

आणि ते खाली बसले. भाषण संपलं हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला. मग टाळ्या वाजल्या, आणि भजी आली.